रांगेत कोण आणि यादीत कोण

मंगळवारी संध्याकाळी महापालिका निवडणुकीच्या प्रचाराचे भोंगे बंद झाले आणि बुधवारी संक्रांत आली. त्यामुळे मुलुंड पूर्वेतल्या आमच्या दोन सोसायट्यांमधल्या कंपाउंडच्या भिंतीपाशी कित्येक दिवसांनी माणसांचे आवाज ऐकू आले. भिंत छातीएवढी आहे. तिच्यावरून कढीपत्ता जातो, भिशीचे पैसे जातात, रीडेव्हलपमेंटच्या बिल्डरबद्दलच्या अफवा जातात. दुपारी चारनंतर आमच्या बाजूने मी, आमचे हे आणि वरच्या मजल्यावरचे आप्पा. पलीकडून माई आणि वहिनी. आप्पा शिवसेनेच्या जुन्या शाखेतले. माई महापालिकेच्या रुग्णालयातून सिस्टर-इन-चार्ज म्हणून निवृत्त झालेल्या. वहिनींची लेक-जावई इंग्लंडात, बर्मिंगहॅमला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," माईंनी डबा भिंतीवर ठेवला.

"गोड काय ते आजच्या दिवस. उद्या मतदान, परवा निकाल," आप्पा म्हणाले. "परवा कोण गोड बोलतंय बघू."

"लेक विचारत होती सकाळी," वहिनी म्हणाल्या, "आई, तुमच्याकडे निवडणूक कशावर चाललीय? मला काही सांगता येईना."

"त्यात काय? महापौर कोणाचा, यावर."

"ते झालंच हो आप्पा. पण मुद्दा कोणता?"

"तोच मुद्दा! मुंबई कोणाची. दोन ठाकरे भाऊ वीस वर्षांनी एकत्र आलेत, हा काय लहान मुद्दा आहे? 2017 ला आठवतंय ना? सेना 84, भाजप 82. दोन जागांचा फरक. तेव्हा सेना एक होती, आता दोन आहेत."

"पण मुलुंडला काय? इथे कमळाशिवाय दुसरं काही उगवतं का?" मी म्हटलं.

"लोकसभेला संजय पाटील आले की निवडून मशालीवर."

"मुलुंडमुळे नाही आले," आमचे हे पेपरमागून म्हणाले. ह्यांना एखादी दुरुस्ती केल्याशिवाय चहा उतरत नाही.

माईंनी विषय मध्येच धरला. "मी सांगू वहिनी, लेकीला काय सांगायचं? प्रकल्पबाधितांच्या घरांवर चाललीय, रीडेव्हलपमेंटवर चाललीय, मराठी-अमराठीवर चाललीय, फेरीवाल्यांवर चाललीय. आरोग्य सगळ्यांच्या जाहीरनाम्यात आहे आणि भाषणात कोणाच्याच नाही."

"आणि तिकडे उलटं बघा," वहिनींना हवा तो रस्ता मिळाला. "2024 च्या जुलैत तिकडे निवडणूक झाली तेव्हा मी तिच्याकडेच होते. टीव्ही लावला की हॉस्पिटल. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, ऑपरेशनला तारीख मिळत नाही, दाताचा डॉक्टर मिळत नाही. आणि लेकीने मतसुद्धा दिलं."

"तिला तिकडे मत? तिचा पासपोर्ट आपलाच ना?"

"आपलाच. पण कॉमनवेल्थ देशांतले लोक तिकडे राहत असले तर त्यांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं म्हणे."

"वा!" आप्पा खूश झाले. "म्हणजे मुलुंडच्या मुलीने ऋषी सुनकला पाडलं."

"एकटीने नाही पाडलं हो. पण त्या माणसाने 2023 च्या सुरुवातीला पाच वचनं दिली होती. त्यातलं एक होतं, हॉस्पिटलची प्रतीक्षायादी कमी करीन. नाही झाली. एका मुलाखतीत त्याने स्वतःच कबूल केलं. मग काय, मजूर पक्षवाले रोज तोच आकडा घेऊन त्याच्या मागे. एकट्या इंग्लंडात पंचाहत्तर लाखांवर उपचार रांगेत. आम्ही आठवड्याला चाळीस हजार अपॉइंटमेंटी वाढवू, हे त्यांचं वचन. जागा मिळाल्या 411."

"मतं किती टक्के?" आप्पांचा शाखेतला हिशेब जागा झाला.

"चौतीसच्या आसपास," आमच्या ह्यांनी सांगितलं. "हुजूर पक्ष 121 वर आला. म्हणजे लोकांनी मजूर पक्षाला डोक्यावर घेतलं नाही, हुजूर पक्षाला खाली उतरवलं एवढंच."

"चौतीस टक्क्यांत 411!" आप्पा बराच वेळ त्या आकड्याची चव घेत राहिले.

माईंना जागांमध्ये रस नव्हता. "पण तिकडे हॉस्पिटलवरून एवढं रान का उठतं? आजारी तर सगळीकडेच पडतात लोक."

इथे आमच्या ह्यांनी पेपर घडी करून काखेत मारला. आता सन येणार हे आम्हां सगळ्यांना कळलं, आणि आलाच. "5 जुलै 1948. त्या दिवशी त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. नाय बेव्हन नावाचा मजूर पक्षाचा आरोग्यमंत्री, खाणकामगाराचा मुलगा. दवाखाना, हॉस्पिटल, औषध, सगळं फुकट, सगळ्यांना. तीन वर्षांनी त्याच्याच सरकारने कवळ्यांना आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरवलं, तर ह्याने राजीनामा फेकला."

"चष्म्यासाठी राजीनामा?" आप्पा हसायला लागले. "आमच्याकडे चष्मे फुकट वाटून माणूस नगरसेवक होतो!"

हसलो सगळेच. पण त्यावर माई जे बोलल्या ते ऐकून मी हातातला तिळगूळ खायला विसरले.

"त्यातच सगळं आलं आप्पा," त्या म्हणाल्या. "तिकडे चष्मा हा हक्क, म्हणून तो काढून घेतला की भांडण. आपल्याकडे चष्मा ही साहेबांची कृपा. कृपा कमी झाली म्हणून कोण भांडतं? दुसऱ्या साहेबाकडे जातो माणूस."

आप्पांना हे लागलं, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. "माई, शाखेची अ‍ॅम्ब्युलन्स होती म्हणून किती माणसं वाचली ते मी बघितलंय. रात्री दोनला फोन करा, पोरं हजर. रक्त हवं, पोरं हजर. तेव्हा कुठे होती तुमची यंत्रणा?"

"मी यंत्रणेच्या आत होते," माई शांतपणे म्हणाल्या. "तुमची पोरं यायची ती मला आठवतात. चांगली पोरं. पण त्यांच्या हातात चिठ्ठी असायची. ह्या पेशंटला बेड द्या. बेड एकच असायचा आप्पा. चिठ्ठीवाल्याला दिला की बाकड्यावर बसलेली बिनचिठ्ठीची बाई बाकड्यावरच राहायची. तिचा आशीर्वाद कोणाला मिळायचा नाही आणि शिव्या आम्हांला मिळायच्या."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वहिनींनी आपल्या लेकीच्या देशाची बाजू सावरायच्या ऐवजी स्वतःच पाडायला घेतली. त्यांचा स्वभावच तसा प्रामाणिक.

"तिकडेही सगळं सोन्याचं नाही बरं का. सकाळी आठला दवाखान्याची फोनलाइन उघडते, आठ वाजून दहा मिनिटांनी अपॉइंटमेंट संपलेल्या. जावई व्हिसावर, त्यामुळे माणशी वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला. गुडघ्याचा एमआरआय सांगितला, तारीख काही येईना. आणि दात? दात दोघंही इथे मुलुंडला येऊन करतात. दिवाळीला येतात ते रूट कॅनाल घेऊनच परत जातात."

"मग सत्ता बदलून काय मिळवलं त्यांनी?" आप्पांनी संधी साधली.

"रांग थोडी हलली. सत्तर लाखांच्या वर आहेच अजून."

"बघा!"

"थांबा," आमचे हे म्हणाले. "सत्तर लाखांच्या वर आहे हे तुम्हांला मुलुंडमध्ये भिंतीला टेकून कसं कळलं?"

"वहिनींनी सांगितलं."

"ह्यांना कसं कळलं? कारण तिथली आरोग्य सेवा दर महिन्याला तो आकडा जाहीर करते. किती जण रांगेत, अठरा आठवड्यांच्या आत किती जणांना उपचार मिळाले, किती जण वर्षभर लटकले. सरकारला तो आकडा आवडो न आवडो. 2016 ला त्या युरोपच्या सार्वमतात लाल बस फिरवली होती, आठवड्याला पस्तीस कोटी पौंड युरोपला जातात ते हॉस्पिटलला देऊ म्हणून. तो आकडा दिशाभूल करणारा, हे त्यांच्याच सांख्यिकी प्राधिकरणाने जाहीरपणे सुनावलं. आकडा असला की खोटं पकडता येतं. आता तुम्ही सांगा, आपल्या उपनगरातल्या पालिका रुग्णालयात आज सोनोग्राफी सांगितली तर तारीख कितव्या दिवशीची मिळते?"

कोणालाच सांगता येईना. माईंनाही नाही. त्यांच्या वेळचं त्यांना माहीत होतं, आजचं नाही.

"प्रजा फाउंडेशनवाले माहितीच्या अधिकारात काढतात ना काहीतरी दरवर्षी," मी म्हटलं. "किती पदं रिकामी, किती डॉक्टर कमी."

"काढतात. एक दिवस पेपरात येतं. दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं," माई म्हणाल्या. "आणि का जातं ते सांगते. ओपीडीत मी जन्मभर बसले. समोरच्या बाकड्यावर बसणाऱ्यांतले किती जण मुंबईचे मतदार होते? कल्याण, भिवंडी, मुंब्रा, पालघर. बाकीचे नाशिक-जळगावकडचे, पार उत्तर प्रदेश-बिहारकडचे. आणि जे इथले मतदार, म्हणजे तुम्ही-आम्ही, ते कुठे असतात? मेडिक्लेमचं कार्ड घेऊन खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर भांडत."

तेवढ्यात आमच्या पोळ्यावाल्या मावशी जिना उतरून आल्या. त्या दिव्याहून येतात, सकाळच्या लोकलने, दाराला लटकून. माईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "उद्या मतदान कुठे मावशी?"

"दिव्यालाच. ठाण्याची पण उद्याच हाय ना."

"आणि नवऱ्याची डायलिसिस?"

"ती मुंबईलाच. कळव्याला गेलो हुतो पहिलं. मग तिकडं ते झालं ना, एका दिवसात इतकी माणसं... भ्यालो."

ऑगस्ट 2023 मधलं ते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले होते. ठाणे महापालिकेचं रुग्णालय, मुख्यमंत्री तेव्हा ठाण्याचेच. सगळे नेते येऊन गेले, चौकशी समिती बसली. आणि पुढच्याच वर्षी लोकसभा झाली, विधानसभा झाली. ठाण्याच्या राजकारणाला त्या अठरा मृत्यूंनी साधा धक्काही लावला नाही.

मावशी गाडी चुकेल म्हणून निघून गेल्या. आमचे हे म्हणाले, "आता बघा. ह्या बाईंच्या नवऱ्याचा उपचार मुंबई महापालिकेत, मत ठाणे महापालिकेत. मुंबईचा नगरसेवक त्यांना विचारणार नाही, कारण त्या त्याच्या यादीत नाहीत. ठाण्याचा विचारणार नाही, कारण त्या त्याच्या रांगेत नाहीत."

"आणि आपल्याला काय मिळालं मग आरोग्यात?" वहिनींनी विचारलं.

"मिळालं की. सप्टेंबरपासून मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. तुम्हीच पेढे वाटले होते."

"वाटले होते खरे," वहिनी ओशाळल्या. "पण हप्ता वाढवला कंपनीने, तो वेगळा."

आप्पांना आता स्वस्थ बसवेना. "म्हणजे केलंच नाही का कोणी काही? आपला दवाखाना काढला, 2022 ला. रात्री दहापर्यंत उघडा. रक्ताच्या 147 तपासण्या फुकट. जोगेश्वरीला ट्रॉमा हॉस्पिटल झालं, कूपरला 2015 ला मेडिकल कॉलेज झालं."

"आणि तिन्हींना नाव बाळासाहेबांचंच," मी म्हटलं. "नावावर दोन्ही सेनांचं एकमत आहे."

"चेष्टा करू नका. दवाखाना चालतो की नाही?"

"चालतो," माई म्हणाल्या. "मी स्वतः जाते बीपी तपासायला. चांगली मुलं-मुली आहेत, कंत्राटावर. पण आप्पा, दवाखाना म्हणजे पायरी. पायरीवरून वर गेल्यावर घर पाहिजे. मुंबईत पालिकेची मोठी रुग्णालयं कुठली? केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, सायनचं सायनला. ही सगळी शहरात. पश्चिम उपनगराला एक कूपर. आपल्या बाजूला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पालिकेचं एकही मेडिकल कॉलेज नाही. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, सावरकर. डोक्याला मार लागला, नाजूक बाळ जन्मलं, की 'सायनला न्या'. मुलुंडहून सायन. हायवेची ती वेळ तुम्हांला माहीत आहे."

"अगरवालची नवी इमारत होतेच आहे की."

"होतेच आहे. किती निवडणुकांपासून होते आहे ते मोजा. बोरिवलीच्या भगवतीचं तेच. इमारत उभी राहते आप्पा, त्याचं मला कौतुक आहे. पण इमारतीच्या फोटोत डॉक्टर दिसत नाही. पदं भरायला रिबन कापता येत नाही, म्हणून ती रिकामी राहतात. मग म्हणतात माणसं नाहीत, खासगी संस्थेला चालवायला देऊ. भगवतीवरून मोर्चे निघाले ते ह्यासाठीच. चालवणारा खासगी आला तर केसपेपर स्वस्त राहील, पण किती खाटा पालिकेच्या दराने आणि किती त्याच्या, हा प्रश्न कोणत्या सभेत ऐकलात तुम्ही?"

"पैसा नाही असं तर नाही," आमचे हे म्हणाले. "यंदाचा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर. आरोग्याला त्यातले सात हजार कोटींच्या वर. काही राज्यांना एवढा मिळत नाही."

"मग 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी का मिळते?" वहिनी.

"झीरो प्रिस्क्रिप्शन, म्हणजे बाहेरची चिठ्ठी बंद, हे जाहीर झालंय त्याला वर्षं झाली. पुरवठादारांची बिलं थकली की औषध बंद. मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते. स्थायी समिती नाही, आरोग्य समिती नाही. विचारणार कोण?"

"म्हणजे उद्या मत द्यायला हवं," आप्पा विजयी स्वरात म्हणाले.

"द्यायलाच हवं. ते कुठे नाही म्हटलं?"

मग पैजा लागल्या. आप्पा म्हणाले, भाऊ एकत्र आले, मराठी पट्टा हलेल, नव्वदच्या वर जातील. वहिनी म्हणाल्या, भाजप एकटाच शंभरी गाठेल. आमचे हे म्हणाले, कोणालाच एकट्याला 114 मिळणार नाहीत. माईंनी पैज लावली ती वेगळीच. "जिंकणाऱ्याच्या पहिल्या भाषणात दवाखाना हा शब्द आला तर माझ्याकडून सगळ्यांना श्रीखंड."

निकाल 16 जानेवारीला लागला. 227 पैकी भाजप 89, शिंदेंची शिवसेना 29, ठाकरेंची 65, काँग्रेस 24, मनसे 6. पैज आमच्या ह्यांनी जिंकली आणि आठवडाभर घरात त्याचा त्रास झाला. मतदान त्रेपन्न टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे 2017 पेक्षाही कमी. भिंतीवर दोन दिवस चर्चा झाली ती बोटाला लावलेल्या मार्करची शाई पुसते की नाही याची. आप्पांनी ती नेलपॉलिश रिमूव्हरने घासून पाहिली. त्यानंतर महापौर कोण, आरक्षण कोणतं, कोण फुटणार, कोण कोणत्या हॉटेलात. श्रीखंड काही आलं नाही.

मला ह्या सगळ्यातून जे वाटतं ते सरळ सांगते. ब्रिटनची आरोग्य सेवा आपल्यापेक्षा चांगली म्हणून तिथे सरकारं तिच्यावरून हलतात असं नाही. तिथला बँकेचा साहेब आणि त्याच्या बँकेत झाडू मारणारा, दोघांचंही नाव बहुधा एकाच रांगेत असतं, आणि त्या रांगेची लांबी दर महिन्याला जाहीर होते. आपण मध्यमवर्गीय उपनगरवासीयांनी मेडिक्लेमचं कार्ड घेऊन त्या रांगेतून पाय काढला, तो काढला त्याच दिवशी आपलं मत तिच्यातून निघून गेलं. उरले ते लोक ज्यांचं मत दुसऱ्या शहराच्या यादीत आहे. मग पुढाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? तो यादी बघूनच बोलणार.

पण कार्डाचा भरवसा धरू नका. वय वाढतं तसा हप्ता वाढतो, आणि ज्या वयात हप्ता झेपत नाही त्याच वयात रुग्णालय लागतं. रात्री हायवेवर अपघात झाला तर अ‍ॅम्ब्युलन्स कार्ड विचारत नाही, सगळ्यात जवळच्या सरकारी दारात नेऊन ठेवते. 2020 मध्ये करोनाच्या साथीत खासगीची दारं बंद होती तेव्हा आपण सगळे पालिकेच्याच वॉर्ड वॉररूमला फोन लावत होतो.

तेव्हा आता चार वर्षांनी नगरसेवक आलेत तर त्यांच्याकडे एकच मागणी करा, मुलुंड असो, घाटकोपर असो, अंधेरी की बोरिवली. नवी इमारत नको, शिबिर नको, चष्मा नको. पालिकेच्या प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर एक फळा लावा आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर चार गोष्टी लिहा: सोनोग्राफीची तारीख किती दिवसांनी, एमआरआयची किती दिवसांनी, डॉक्टरांची रिकामी पदं किती, आणि बाहेरून आणायला लावलेली औषधं कोणती. खर्च एका फळ्याचा आणि खडूचा आहे. हे जो नगरसेवक करणार नाही, त्याला पुढच्या वेळी मत देऊ नका, मग त्याच्या झेंड्याचा रंग कुठलाही असो.